ग्रोनिंगेनमध्ये तीन दिवस: भुईकोट, खेड्यांतली चर्च आणि बांधापलीकडचा समुद्र

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून आई-वडील येणार आहेत, मुक्काम अ‍ॅम्स्टेलवेनला. वडिलांनी सह्याद्रीतले पुष्कळ गड पायी पाहिलेत. आईला जुनी चित्रं आणि बागा आवडतात, पण गुडघ्यामुळे जिने चढणं होत नाही. ट्युलिपचा हंगाम तेव्हा संपलेला असेल, अ‍ॅमस्टरडॅमची गर्दी नको आहे, म्हणून तीन दिवस नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगेन प्रांतात जायचं ठरतंय. बूर्टांगेच्या किल्ल्याखेरीज तिथे काय पाहावं, कोणत्या क्रमाने, आणि गाडी लागेल का?

मी बरीच वर्षं ग्रोनिंगेन शहरात राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना या प्रांतात फिरवतो. हा भाग माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी क्रमाचं बोलतो. बहुतेक जण पहिल्याच दिवशी बूर्टांगे गाठतात, कारण आकाशातून टिपलेलं त्या पाचकोनी ताऱ्याचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी मात्र किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवतो. पहिला दिवस उत्तरेकडच्या खेड्यांना आणि त्यांच्या चर्चना द्या. इथे सगळं काही पाण्याने ठरवलंय: माणसांनी घर कुठे बांधावं, देऊळ म्हणा चर्च म्हणा कुठे उभं राहावं, शत्रूला कुठे अडवावं. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की किल्ला तिथेच का आणि तट इतके बुटके का, हे वडिलांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

हजारेक वर्षांपूर्वीपर्यंत या किनाऱ्याला बांध नव्हते. भरतीचं पाणी खाड्यांमधून आत यायचं आणि वादळात सगळी जमीन बुडायची. जमीन सुपीक, म्हणून लोक सोडूनही जात नसत. चिखलमाती, शेण, घरातला केरकचरा एकावर एक टाकत त्यांनी राहण्यापुरते उंचवटे तयार केले. त्यांना इथे वियर्डे म्हणतात. एझिंगे गावाच्या वियर्डेचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ फान खिफन यांनी १९२३ ते १९३४ या काळात केलं, तेव्हा इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपासच्या घरांचे खांब आणि कुडाच्या भिंती चिखलात टिकून राहिलेल्या सापडल्या. उंचवटे फार मोठे नाहीत, बरेचसे चार-पाच मीटरचे. पण सपाट मुलखात तेवढी उंची लांबून उठून दिसते. पुढे ख्रिस्ती धर्म आला तेव्हा चर्च अर्थातच वियर्डेच्या माथ्यावर बांधलं गेलं, कारण पूर आला की गावाने तिथेच जमायचं. नंतर बांध आले. कोकणातली खारबंदिस्ती ज्याने पाहिली आहे त्याला ही पद्धत लगेच कळेल: भरतीचं पाणी अडवायचं, आतलं गोडं पाणी ओहोटीला दरवाजातून बाहेर सोडायचं, आणि जमीन हळूहळू पिकाखाली आणायची. बांध फुटतही असत. १७१७ च्या नाताळातल्या पुरात एकट्या ग्रोनिंगेनमध्ये दोन हजारांहून अधिक माणसं बुडाली.

चर्चबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. युरोपातलं चर्च म्हटलं की रंगीत काचा, मूर्ती, मेणबत्त्या असं चित्र मनात असतं. इथे त्यातलं जवळपास काही नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी बाक, प्रवचनासाठी कोरीव मंच आणि पश्चिमेच्या टोकाला ऑर्गन. पहिल्या दोन मिनिटांत हे ओकंबोकं वाटू शकतं. मग मान वर करून छत पाहा. धर्मसुधारणेच्या आधी ही सगळी कॅथलिक चर्च होती आणि त्यांची कमानदार छतं चित्रांनी भरलेली होती. डच लोक स्पेनच्या राजवटीविरुद्ध लढत असताना १५९४ मध्ये ग्रोनिंगेन शहर स्पेनच्या बाजूने लढणं थांबवून डच प्रजासत्ताकाकडे आलं, प्रॉटेस्टंट पंथ अधिकृत झाला, मूर्ती काढल्या गेल्या आणि चित्रांवर चुना फासला गेला. चुन्याने ती झाकली गेली आणि त्यामुळेच टिकली. गेल्या दीडशे वर्षांच्या दुरुस्त्यांमध्ये चुना खरवडताना ती पुन्हा वर आली. १५९४ हे साल वडिलांना लक्षात ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर ते उपयोगी पडेल.

या प्रांतात मध्ययुगीन खेडेगावी चर्चची दाटी विलक्षण आहे आणि ती राहिली याचं मोठं श्रेय ‘स्टिख्टिंग आउडे ख्रोनिंगर केर्केन’ या संस्थेला जातं. १९६९ मध्ये ती स्थापन झाली. गावं रिकामी होत होती, चर्चमध्ये येणारे उरले नव्हते, इमारती पडायला आल्या होत्या. आज शंभरच्या आसपास चर्च तिच्या मालकीची आहेत आणि प्रत्येक गावात तिथलेच लोक देखभाल पाहतात. बरीचशी चर्च दिवसा उघडी असतात. दार बंद असेल तर परत फिरू नका. दाराशेजारी पाटी असते आणि किल्ली गावात कुणाकडे मिळेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. बेल वाजवायला संकोच करू नका. किल्ली देणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः सोबत येते, आणि तिच्याकडून जे कळतं ते कुठल्याही माहितीफलकावर नसतं. बाहेर पडताना दानपेटीत काही युरो टाका, वहीत मराठीत चार ओळी लिहा. त्या वह्या गावकरी मनापासून वाचतात.

नेमकी कुठली पाहायची? एका दिवसात चार, पाचवं नको. सहाव्या चर्चपर्यंत आधीची पाच एकमेकांत मिसळतात, हे मी कितीतरी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

शहरातून निघाल्यावर पहिलं गार्मरवॉल्डे. इथे मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे, मधे हिरवळ. मूळ चर्च लांब होतं, एकोणिसाव्या शतकात पश्चिमेचा भाग पाडला, उरला तो पूर्वेकडचा भाग. तेवढ्यातच सोळाव्या शतकातली छतचित्रं आहेत. बाहेरच्या भिंतीवरच्या विटांची नक्षी पाहायला विसरू नका. या प्रदेशात दगड मिळत नाही. सुरुवातीच्या चर्चसाठी जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातून टफ नावाचा मऊ दगड नावांनी आणत. तेराव्या शतकापासून इथल्याच चिकणमातीच्या मोठ्या विटा भाजायला लागले, एकेक वीट जवळजवळ फूटभर लांब. दगड कोरता येत नाही म्हटल्यावर गवंड्यांनी विटाच तिरप्या, उभ्या, कोनात लावून कोनाड्यांमध्ये नक्षी काढली. रोमनेस्क आणि गॉथिक या मध्ययुगीन युरोपातल्या बांधकामशैलींच्या मधली ही शैली ग्रोनिंगेन आणि सीमेपलीकडच्या पूर्व फ्रीसलंडमध्येच खऱ्या अर्थाने फुलली.

दुसरं स्टेडुम. उंच वियर्डेवर, खंदकासारख्या पाण्याने वेढलेलं. आत आड्रियान क्लांट या सरदाराची संगमरवरी समाधी आहे, शिल्पकार रोम्बाउट फरहुल्स्ट. क्लांट १६४८ च्या म्युन्स्टर तहाच्या वाटाघाटींमध्ये डच बाजूचा एक प्रतिनिधी होता. त्या तहाने स्पेनबरोबरचं ऐंशी वर्षांचं युद्ध संपलं. एवढ्याशा खेड्यात एवढं उंची संगमरवरी काम पाहून आश्चर्य वाटतं, पण इथले जमीनदार खरोखर श्रीमंत होते. स्टेडुमची दुरुस्ती एकोणिसाव्या शतकात पियेर क्यूपर्स या वास्तुकाराने केली. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि मध्यवर्ती स्टेशन त्याचंच, त्यामुळे तुम्हाला तो परका नाही.

तिसरं झेराइप, आणि वेळ कमी असेल तर हेच एक पाहा. आत शिरताच भिंती आणि छत रंगवलेल्या विटांच्या नमुन्यांनी भरलेले दिसतात. खऱ्या विटांवर गिलावा, गिलाव्यावर पुन्हा रंगाने काढलेल्या विटा, आणि त्यांत पट्टे, चौकटी, चक्रं. चित्रकथा नाही, देवदूत नाहीत, फक्त रंग आणि भूमिती. ऑर्गन १६५१ चा. आईंना इथे एका बाकावर निवांत बसू द्या. सकाळी उजेड बरा असतो.

चौथं क्रेवर्ड. बाहेरून काहीच विशेष नाही, आत मात्र १५३१ सालचा ऑर्गन आहे. इतका जुना आणि अजून वाजणारा ऑर्गन युरोपात फार थोड्या ठिकाणी सापडतो. या प्रांताची खरी श्रीमंती हे ऑर्गन आहेत. आर्प श्निटगर हा हॅम्बुर्गकडचा कारागीर (१६४८ ते १७१९) इथे वारंवार काम करून गेला. शहरातल्या मार्टिनी चर्चमध्ये, नोर्डब्रूक, आउटहाउझन अशा गावांत त्याची वाद्यं आजही वाजतात. उन्हाळ्यात मैफिली असतात, तिकीट बेताचं असतं. तुमच्या तारखांना एखादी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा. ज्याने आयुष्यभर हार्मोनियम ऐकली आहे त्याला हवा पाइपांमधून चर्चच्या विटांपर्यंत पोचताना ऐकणं हा वेगळाच अनुभव ठरतो.

फिरताना काही घरांना लाकडी टेकू दिलेले दिसतील, कुठे पूर्ण घर नव्याने बांधलेलं दिसेल. १९५९ मध्ये स्लॉख्टरन गावाजवळ नैसर्गिक वायूचं प्रचंड साठ्याचं क्षेत्र सापडलं. अर्ध्या शतकाहून अधिक काळ सगळा देश त्यावर ऊब घेत होता. वायू काढल्यामुळे खालची जमीन दबली आणि भूकंप सुरू झाले. १६ ऑगस्ट २०१२ चा हाउझिंगेचा धक्का ३.६ तीव्रतेचा, २०१८ च्या जानेवारीतला झेराइपचा ३.४ चा. आकडे लहान वाटतात, पण केंद्र जमिनीखाली उथळ असल्याने सातशे वर्षांच्या विटांच्या भिंतींना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला. लोकांच्या मनातला राग मात्र अजून आहे. किल्ली देणाऱ्या आजी-आजोबांनी हा विषय काढला तर ऐकून घ्या. ज्या चर्चचं कौतुक करायला आपण आलो, ते वाचवायला त्यांनी काय सोसलंय ते कळतं.

आता बूर्टांगे. आधी वडिलांना इतिहास. १५८० मध्ये ग्रोनिंगेन शहराने बाजू बदलली आणि ते स्पेनकडे गेलं. शहराची रसद जर्मनीच्या बाजूने यायची आणि वाटेत अफाट दलदल होती. त्या दलदलीतून वाळूचा एक अरुंद उंचवटा जायचा, त्यावरून एकच रस्ता. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम याने तो रस्ता अडवण्यासाठी किल्ला बांधायचा हुकूम दिला. काम रखडलं आणि शेवटी १५९३ मध्ये त्याचा पुतण्या विलेम लोडेवाइक याने ते पुरं केलं. पुढच्याच वर्षी, १५९४ मध्ये, शहर पडलं. आदल्या दिवशी पाहिलेल्या चर्चमधल्या छतांवर चुना फासला गेला, त्यामागे हा किल्लाही आहे.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. कडा नाही, बालेकिल्ला नाही, लांबून काही दिसतच नाही. गवताचे उतार आणि पाणी. जमिनीवरून तारा दिसत नाही, तो फक्त वरून दिसतो. म्हणून बाजारचौकात जाऊन फोटो काढण्याआधी तटावरून पूर्ण फेरी मारा. प्रत्येक बुरुजाच्या टोकावर उभं राहून शेजारच्या बुरुजाकडे पाहा. कळेल की कुठल्याही तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून नेमका माऱ्यात येतो. गोल बुरुजाच्या समोर एक आंधळा कोपरा राहतो, जिथे तटावरची तोफ पोचत नाही. पाचकोनी आखणी तो कोपराच शिल्लक ठेवत नाही.

बुटकेपणाचं कारण तोफ. उंच दगडी तट हा तोफेला सोपं लक्ष्य. नगरचा भुईकोट मजबूत दगडी, खंदकाने वेढलेला, पण १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा लागल्यावर काही दिवसांतच तो हाती गेला. मातीच्या जाड उतारात गोळा रुततो, तट ढासळत नाही. शिवाय इथे दगड नव्हताच, माती आणि पाणी मुबलक होतं. तेव्हा खंदक रुंद खणायचा, निघालेली माती तटावर टाकायची, आणि बाहेर पाण्यात पुन्हा त्रिकोणी मातीची बेटं ठेवायची. आत शिरताना एकामागून एक लाकडी पूल ओलांडावे लागतात आणि ते सरळ रेषेत नाहीत. वडिलांना गोमुखी दरवाजा आठवेल, हेतू तोच आहे. हिवाळा हा या किल्ल्याचा कच्चा दुवा. खंदक गोठला की शत्रू चालत येऊ शकतो, म्हणून शिबंदीला बर्फ फोडत बसावं लागे.

१६७२ मध्ये म्युन्स्टरचा बिशप बेर्नहार्ड फॉन गालेन मोठी फौज घेऊन आला. किल्लेदार कॅप्टन प्रॉटला त्याने शरणागतीसाठी दोन लाख गिल्डर (तेव्हाचं डच चलन) देऊ केले, आणि प्रॉटने तेवढ्याच गोळ्या तुमच्यासाठी तयार आहेत असं कळवलं, ही कथा गावात अभिमानाने सांगतात. किल्ला पडला नाही. ग्रोनिंगेन शहरालाही बिशपने वेढा घातला होता. तो उठला २८ ऑगस्टला, आणि तो दिवस शहरात आजही सण म्हणून साजरा होतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण गडप्रेमी माणसाला ती कळायला हवी. आज दिसणारं बूर्टांगे पुन्हा उभारलेलं आहे. १८५१ मध्ये किल्ला लष्करी उपयोगातून गेला, खंदक बुजवले, तट सपाट केले आणि शेतकऱ्यांचं साधं गाव झालं. १९६० च्या दशकात गाव ओस पडायला लागल्यावर १७४२ च्या स्थितीप्रमाणे सगळं पुन्हा बांधायचं ठरलं आणि पुढची कित्येक वर्षं ते काम चाललं. काही अभ्यासकांना हे पटत नाही. माझं मत वेगळं आहे. जुने नकाशे तपशीलवार होते, तटाची भूमिती मातीचीच होती, आणि त्यामुळे एक जिवंत गाव वाचलं. आजही तटाच्या आत माणसं राहतात, त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नका.

आत शिपायांच्या बराकी, दारूगोळ्याचं कोठार, पाणचक्की नव्हे तर लाकडी पवनचक्की, आणि खंदकावर पुढे काढलेले लाकडी संडास आहेत. मुलांना आणि मोठ्यांनाही ते फार आवडतात. १८४२ चं सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जरूर पाहा. या सीमेवरच्या गावात ज्यू कुटुंबं अनेक पिढ्या राहत होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांना छळछावण्यांकडे नेलं गेलं. त्यांच्या नावांचं स्मारक गावात आहे. तिथे पाच मिनिटं थांबा.

आईंच्या गुडघ्यासाठी: गाडी बाहेर लावून पूल ओलांडत चालत यावं लागतं. अंतर थोडं आहे, पण गावातले रस्ते गोट्यांचे आणि उंचसखल आहेत. मऊ तळाचे, घट्ट बसणारे बूट घाला. तटावर चढायला उतार आहेत, काही ठिकाणी पायऱ्या, कठडे फारसे नाहीत, आणि पाऊस पडल्यावर गवत निसरडं होतं. वडील फेरी मारतील तोवर चौकातल्या लिंडेनच्या झाडांखाली आईंना बसता येईल. सकाळी दहाच्या आधी पोचलात तर चौक तुमचाच. सहलीच्या बस आल्या की तो भरतो. असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या दोन ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या बऱ्याचदा मेमध्येच येतात, तेव्हा तारखा तपासा आणि ते दिवस टाळा. किल्ल्यातच मुक्कामाच्या खोल्याही आहेत. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तटावरून फिरायला मिळतं, म्हणून एक रात्र तिथे काढणं मला सगळ्यांत चांगलं वाटतं.

दुपारी दोन पर्याय. वडिलांना किल्ल्यांचीच आवड असेल तर उत्तरेला आउडेस्खान्स. हाही १५९३ चाच, विलेम लोडेवाइकनेच बांधलेला. समुद्राचा डॉलार्ट नावाचा आखात तेव्हा इथवर होता. नंतर बांध घालून जमीन बाहेर सरकत गेली, किल्ला मागे पडला आणि सीमेवर नवा बांधावा लागला. आज ते शांत, दोनचार रस्त्यांचं गाव आहे, दुकानं नाहीत, एक छोटं संग्रहालय आहे. बूर्टांगेनंतर पाहिलं की काळाने सोडलेला किल्ला कसा दिसतो ते कळतं. आईंना काही वेगळं हवं असेल तर दक्षिणेला टेर आपेलचा मठ, १४६५ चा, जंगलाच्या कडेला. मधल्या चौकोनी अंगणाभोवतीच्या ओवऱ्या, औषधी वनस्पतींची बाग, जवळजवळ सगळं जमिनीच्या पातळीवर.

तिसऱ्या दिवशी किल्ले-चर्च बाजूला ठेवून नुसता मुलूख पाहा. उत्तरेला आउटहाउझनला मेंकेमाबोर्ग हा जमीनदाराचा वाडा आहे, मूळ चौदाव्या शतकातला, १७०० च्या सुमारास वाढवलेला. खंदक, फर्निचर, तळघरातलं स्वयंपाकघर, आणि बाहेर काटेकोर आखलेली बाग, कातरलेली झुडपं, भूलभुलैया. आईंसाठी ही जागा नक्की ठेवा. शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये या जमीनदारांचे खास बाक आणि कुलचिन्हं दिसतात, आणि काही ठिकाणी ती छिन्नीने खरवडलेलीही. १७९५ च्या क्रांतीनंतर सरदारांची चिन्हं काढून टाकायचं फर्मान निघालं होतं, त्याची ती खूण.

तिथून नोर्डपोल्डरझाइल. बांधाला एक दरवाजा, आत एक जुनी खाणावळ, बाहेर चिखलातून समुद्राकडे गेलेला अरुंद कालवा आणि त्यात चार होड्या. बांधावर चढलात की एका बाजूला गव्हाची शेतं आणि दुसऱ्या बाजूला वाडन समुद्राचा चिखल, जो ओहोटीला मैलोन्मैल उघडा पडतो. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. मेमध्ये बांधावर मेंढ्या आणि कोकरं असतात, फाटक मागे नीट लावा. चिखलातून चालत जाण्याच्या सफरी निघतात, पण परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. भरती मागून येते आणि खाड्या आधी भरतात. सील प्राण्यांचं प्रसिद्ध शुश्रूषा केंद्र पूर्वी पीटरबुरनला होतं, २०२५ पासून ते लाउवर्सओखच्या बंदरावर आहे. जुन्या पुस्तिकांमध्ये अजून जुना पत्ता असतो.

वडिलांना सायकल चालवायची असेल तर रायटडीप नदीकाठचा भाग द्या: गार्नवर्ड, एझिंगे, नीहोवे. एझिंगेला वियर्डेंचं संग्रहालय आहे, उत्खननात निघालेल्या वस्तू तिथे आहेत. नीहोवे मात्र पायी पाहण्यासारखं: गोल वियर्डे, मध्यभागी चर्च, भोवती घरं, आणि वाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या खाली उतरतात. रस्ते वळणावळणाचे आहेत कारण ते जुन्या खाड्यांच्या काठाने जातात. १८७७ मध्ये झाउटकाम्पला दरवाजे बसेपर्यंत भरतीचं पाणी शहरापर्यंत यायचं. सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक असतात, चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घेतले की नकाशा लागत नाही. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. शहरातून ईशान्येकडे पाठीवर वारा घेऊन जा आणि स्टेडुम, लॉपरसुम किंवा आउटहाउझनहून रेल्वेने परत या, उलट करू नका. गर्दीच्या वेळा सोडून सायकल रेल्वेत नेता येते, तिचं वेगळं तिकीट काढा.

गाडी लागेल का? पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी रेल्वे आणि सायकल मिळून भागू शकतं, पण आईंचा गुडघा पाहता मी भाड्याची गाडी घेईन. बूर्टांगेला रेल्वे नाही. विन्स्खोटनपर्यंत रेल्वे, पुढे बस, फेऱ्या कमी आणि रविवारी आणखी कमी. ग्रोनिंगेनहून गाडीने साधारण तास. अ‍ॅमस्टरडॅमहून ग्रोनिंगेनला रेल्वेने दोन तासांवर थोडा वेळ. गाडी ग्रोनिंगेनला घेतलीत तर लांबचा रस्ता वाचतो. शहराच्या मध्यभागी गाडी नेऊ नका, बाहेरच्या पार्किंगमध्ये लावून बसने आत या.

शहरातली संध्याकाळ: मार्टिनी मनोरा सुमारे ९७ मीटर उंच, जिना अरुंद आणि गोल, तो वडिलांसाठी. आईंना फोरम या नव्या इमारतीच्या गच्चीवर न्या. २०१९ मध्ये उघडली, सरकते जिने आणि लिफ्ट आहे, वर जायला पैसे पडत नाहीत, आणि मनोरा अगदी समोर दिसतो. १९४५ च्या एप्रिलमधल्या लढाईत मनोऱ्याशेजारच्या चौकाच्या दोन बाजू जळाल्या, मनोरा उरला, हे वरून पाहताना लगेच लक्षात येतं.

जेवणाचं. खेड्यांतली कॅफे सोमवारी आणि बऱ्याचदा मंगळवारीही बंद असतात, स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला थंड होतं. म्हणून खेड्यांचे दिवस बुधवार ते शनिवार बसवा आणि जेवण लवकर उरका. इथलं मोहरीचं सूप नक्की चाखा, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालायची पद्धत आहे. शाकाहारी असाल तर मागवतानाच ‘झॉन्डर स्पेक’ (डुकराच्या मांसाशिवाय) म्हणा, आणि मांसाचा रस्सा वापरलाय का हेही विचारा. पॉफर्ट हा मनुका घातलेला वाफवलेला गोड पदार्थ आईंना आवडेल, त्यात अंडं असतं. चर्चच्या गावांमध्ये दुकान असेलच असं नाही, तेव्हा पाणी, फळं आणि दशमी-चटणी बरोबर असू द्या. चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून खायला कुणी हरकत घेत नाही, फक्त ते स्मशानही असतं, त्यामुळे थडग्यांच्या कडेवर डबा ठेवू नका.

मेच्या अखेरीस ऊन रात्री साडेनऊपर्यंत असतं, पण बांधावर वारा गार असतो. आईंसाठी कानटोपी आणि एक जाड स्वेटर गाडीतच ठेवा. मेंकेमाबोर्ग आणि टेर आपेल दोन्ही ठिकाणच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. आणि तुमच्या तारखा कळवल्यात तर त्या आठवड्यात कुठल्या गावात ऑर्गनवादन आहे ते पाहून सांगतो.